संक्रांतीनंतरचा मंगळवार

सहलीला जायचं की नाही, यावरून आमच्या घरात कधी वाद झाला नाही. जायचं, हे लग्न झाल्यापासून ठरलेलं होतं. कुठं, तेही ठरलेलं होतं: महाबळेश्वर. फलटण तालुक्यातल्या आमच्या गावापासून ते काही परदेशात नाही, आणि आता राहतो त्या सांगलीच्या विश्रामबागेतून सकाळी निघालं तर जेवणाच्या आत पोचता येतं. अडलं होतं ते फक्त कधी जायचं यावर. आणि ते माझ्यामुळे अडलं होतं, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढचं लिहायला मला सोपं जाईल.

मी फौजेत क्लार्क होतो. युनिटच्या ऑफिसात सगळ्यांचे सुट्टीचे अर्ज माझ्या टेबलावरून जायचे. कुणाच्या बहिणीचं लग्न, कुणाच्या घराचा स्लॅब, कुणाला मुलगा झालेला. अर्ज मंजूर व्हायचे, पोरं ट्रंका बांधायची, आणि एखाद्या दुपारी वरून निरोप यायचा, छुट्टी बंद. मग बांधलेल्या ट्रंका पुन्हा सोडायच्या. ज्यानं घरी तारीख कळवलेली असायची, त्याच्याकडं बघवायचं नाही. हे पाहून पाहून मी स्वतःपुरता एक नियम केला होता, आणि आमच्या सातारा-सांगलीकडच्या बऱ्याच पोरांनी तोच केलेला होता. घरी तारीख कळवायची नाही. सुट्टी हातात पडली की निघायचं आणि थेट दारात जाऊन उभं राहायचं.

एकदा मी तारीख कळवली होती आणि सुट्टी बंद झाली होती. बायको लेकीला नवा फ्रॉक घालून एसटीच्या फाट्यावर गेली, शेवटची गाडी निघून गेल्यावर परत आली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. हे मला आईनं नंतर सांगितलं. तेव्हाच मी ठरवलं की हिला पुन्हा फाट्यावर उभं करायचं नाही. मायेनंच ठरवलं होतं. शिवाय असं अचानक जाण्यात मजा होती, ती कशाला लपवू? पिठाचे हात तसेच घेऊन ही बाहेर यायची, लेक दाराआड दडायची, आई भाकरतुकडा ओवाळून टाकायची. यापेक्षा मोठं सुख मी यांना काय देणार, असं वाटायचं मला.

सुट्टीत आलो की पहिला मान उसाचा. आमचं घराणं मूळ मेंढरांमागं फिरणारं. कालव्याचं पाणी आलं तेव्हा आजोबांनी ऊस लावला आणि आम्ही एका जागी बसलो. पण ऊस लावला म्हणजे आपल्या मर्जीनं तोडता येतो असं नाही. कारखान्याची टोळी आपल्या रानात उतरायची पाळी यावी लागते. तिला आमच्याकडं ‘तोड येणं’ म्हणतात. तोड कधी येईल ते कारखानाही छातीठोकपणे सांगू शकत नाही. आज येते, उद्या येते करत हिवाळा जातो. तोवर घरातलं कुणी गाव सोडत नाही. निदान मी तरी सोडायचो नाही. थोरले दादा शेती बघायचे, पण माझी सुट्टी तोडीच्या हंगामातच असावी, असा माझा हट्ट. दरवर्षी मी बायकोला सांगायचो, “एकदा तोड होऊ दे, मग दोन दिवस महाबळेश्वर.”

तोड झाली की सुट्टी संपायची.

निवृत्त झालो, विश्रामबागेत एका कॉलेजच्या ऑफिसात लागलो, लेक शिकून पुण्याला नोकरीला गेली, आणि तरी मी तेच म्हणत राहिलो. फरक इतकाच की आता माझ्याजवळ कारणं वाढली होती. दिवाळीत गर्दी. डिसेंबरात गावची जत्रा. जानेवारीत तोड. मार्चमध्ये परीक्षा. मे महिन्यात पाहुणे. लेक एकदा म्हणाली, “पप्पा, तुम्ही महिने मोजता तेव्हा असं वाटतं की वर्षाला अजून एक महिना असता तर तोही तुम्ही कशात तरी घातला असता.” आम्ही सगळे हसलो. बायको जरा कमी हसली. माझ्या ते लक्षात आलं होतं, आणि तरी मी विषय बदलला, ही गोष्ट अजून टोचते.

मग मागच्या पावसाळ्यात मी माझ्या मते सगळं एका फटक्यात भरून काढायचं ठरवलं. जुलैत ऑफिसला लागून सुट्ट्या आल्या. कुणाला काही बोललो नाही. सकाळी बायकोला म्हटलं, “गाडी सर्व्हिसिंगला टाकायची आहे. तूही चल, येताना बाजार करू.” ती ओट्यावर विरजण लावून, घरातल्याच साडीवर, साध्या चपला घालून गाडीत बसली. इस्लामपूरचा फाटा गेला तशी तिनं विचारलं, “सर्व्हिसिंगचं दुकान हलवलं व्हय?”

मी नुसता हसलो.

कराड आलं. ती म्हणाली, “आवं, हितवर गाडी आली म्हंजी काय बिघाड दिसत न्हाई हिच्यात. कुटं चाललोय आपन?”

“कळेल की.”

“म्या कशी आलेय बघा तरी. आनि चारला शेजारी बारसं हाय.”

बारशाचं मला माहीत नव्हतं, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. माहीत होतं. शेजारणीच्या नातीचं बारसं होतं, आणि बायकोनं तिच्यासाठी टोपडं-कुंची शिवली होती, हिरव्या काठाची. ती कुंची आठवडाभर शिलाई मशीनवर दिसत होती. पण मला वाटलं, महाबळेश्वर दिसल्यावर बारसं काय आठवणार आहे हिला.

महाबळेश्वर दिसलं असतं तर गोष्ट वेगळी. जुलैत तिथं काय असतं हे सातारा जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला कुणी सांगायला नको, पण उत्साहात मी ते बाजूला ठेवलं होतं. घाट चढताना वायपर थकले. वर आलो तर घरं निळ्या-काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, अर्धी दुकानं बंद, आणि धुकं असं की समोरचा टॅक्सीवाला नुसता आवाजावरून कळत होता. एका पॉइंटवर गेलो. कठड्याशी आम्ही दोघं एका छत्रीत उभे राहिलो. समोर पांढरं. खाली पांढरं.

“हितं दरी हाय म्हंता?” बायकोनं विचारलं.

“आहे. फार खोल.”

“असंल,” ती म्हणाली.

तिच्या चपलेचा अंगठा तिथंच तुटला. एका दुकानात तिच्यासाठी स्वेटर घेतला, तो पुरुषी निघाला. स्ट्रॉबेरी मागितली तर दुकानदार माझ्याकडं कीव करून बघत म्हणाला, “काका, रोपं अजून लागायचीत.” बाटलीतला सरबताचा अर्क घेऊन हॉटेलवर आलो. खोली सहज मिळाली, कारण सगळं हॉटेल रिकामंच होतं. गादी ओलसर, टॉवेल ओलसर, काडेपेटीसुद्धा ओलसर. मी पलंगावर बसलो आणि उगाच म्हणालो, “गर्दी मात्र अजिबात नाही.”

बायको खिडकीशी उभी होती. तिनं शेजारणीला फोन करून बारशाला येत नाही म्हणून कळवलं होतं. कुंची शिलाई मशीनच्या खणात आहे, किल्ली कुंडीखाली आहे, हेही सांगितलं होतं. नाव काय ठेवलं, तेही तिला फोनवरच कळलं. रागावली असती तर मला परवडलं असतं. ती शांतपणे म्हणाली, “तुमी फौजेतनं येताना कळवायचं न्हाई. आता जाताना बी कळवत न्हाई.”

“तुला आनंद व्हावा म्हणून गं.”

“व्हतो की आनंद. पर तो तुमाला आदी दोन म्हैनं व्हतो, आनि मला वायपर सुरू झाल्यावर.”

मग तिनं मला एक गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत ती बोलली नव्हती आणि मी विचारली नव्हती. मी कधीही दारात उभा राहीन, म्हणून ती त्या सगळ्या वर्षांत धड कुठं गेलीच नव्हती. माहेरी गेली तरी रात्र काढायची नाही. धाकट्या बहिणीच्या लग्नात अक्षता पडल्या की परत. एकदा गल्लीतल्या बायका ट्रक करून देवदर्शनाला निघाल्या, ही पायरीपर्यंत जाऊन मागं आली. “म्हनलं, नेमकं आज आलं तर घरात कुनी नगं का,” ती म्हणाली. “फाट्यावर उभं ऱ्हायाचं बरं हुतं. दोन दिस उभं ऱ्हायलं की घरी येता येत हुतं.”

माझ्या डोक्यात इतकी वर्षं फाट्यावरच्या त्या दोघी होत्या. तिथून त्यांना सोडवलं, याचं मला मनातून समाधान होतं. आणि मी तर हिला घराच्या उंबऱ्याला बांधून ठेवलं होतं.

“माजा बा दिवाळी झाली की मेंढरं घिऊन कोकनात उतरायचा,” ती पुढं म्हणाली. “पर सांगून जायाचा, अमुक बाजाराच्या आदी यितो. कवा चार दिस अलीकडं, कवा चार दिस पलीकडं. आमी पोरी त्या बाजाराची वाट बगायचो. काय काय ठरवायचो. त्यो आला की निम्मी मजा संपायचीच.” आणि मग ती हसली, मला हायसं वाटलं. “मला महाबळेश्वर बगायचं न्हवतं असं न्हाई. पर मला आदी महाबळेश्वरला जानार असायचं हुतं.”

दुसऱ्या दिवशी सांगलीला परतलो. बाटलीतल्या सरबताला आमच्या घरात अजून ‘दरी’ म्हणतात. पाहुणे आले की बायको विचारते, “च्या घेनार का दरी?”

गणपती उठल्यावर लेक घरी आली आणि बैठक बसली. लेकीच्या हातात फोन, बायको हात पुसत समोर, आणि मी आरोपीसारखा खुर्चीत. लेक म्हणाली, “मम्मी, तारीख तू सांगायचीस. पप्पांनी फक्त हो म्हणायचं.”

बायकोनं आधीच ठरवलेलं होतं. “संक्रांतीनंतरचा मंगळवार. मंगळवार, बुधवार ऱ्हायाचं, गुरवारी परत.”

“जानेवारीत तोड...” मी सुरुवात केली.

“पप्पा.”

“बरं. पण मंगळवार का?”

“शनवार-रविवारला गर्दी म्हनून तुमी अडवाल,” बायको म्हणाली. “आनि संक्रांत झाल्यावर, कारन हळदी-कुंकवाला जाईन तितं सांगता यील, उद्या निगालो, परवा निगालो. तवर स्ट्रॉबेरी बी आल्याली असंल. त्या दुकानदाराला दाखवायचीय मला तोंडावर खाऊन.”

लेकीनं हॉटेल शोधलं. खोलीला खिडकी कुठल्या बाजूला आहे, यावर मायलेकींचं बरंच बोलणं झालं. मग लेक म्हणाली, “दोन प्रकार आहेत. एक रद्द करता येतं. दुसरं स्वस्त आहे, पण रद्द करता येत नाही, तारीखही बदलत नाही.”

मी लगेच म्हणालो, “रद्द करता येणारं घे.” माझ्या आवाजात इतका जीव होता की दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. मी समजावून सांगितलं, माणसाचं काही सांगता येत नाही, अचानक काही निघालं तर हातात काहीतरी असावं.

बायको शांतपणे म्हणाली, “रद्द करता येतंय ती म्हंजी तुमच्यासाठीच काडलेली दिसतीया. दुसरी घे गं.”

“मम्मी, नक्की? मग काहीही झालं तरी जावं लागेल.”

“तसलीच पायजे.”

लेकीनं बोट टेकवलं. बुकिंग झालं. मला धास्तीच वाटली, खोटं कशाला बोलू. सुट्टी मंजूर झालेल्या पोराच्या तोंडाकडं बघून जसं वाटायचं, तसंच.

आणि मग ते चार महिने. इतकी हललेली, बोललेली आमची गल्ली मी पाहिली नव्हती. बायकोनं ती तारीख सगळ्यांना सांगितली. दूधवाल्याला सांगितली, कारण त्याला तीन दिवस दूध नको हे आत्ताच कळलेलं बरं. भाजीवालीला सांगितली, कारण तिनं विचारलं. भाजीवालीनं काय विचारलं असेल हे मला अजून समजलेलं नाही. दिवाळीत गावी गेलो तर तिथंही सांगितली, दादांना, वहिनींना, चुलत्याच्या घरी, देवळाच्या पायरीवर बसलेल्यांना. स्वेटर आणला, या वेळी बायकी. बूट आणले आणि घरात घालून फिरून ते सैल केले. रात्रीच्या भाकरी थापताना ती विचारायची, “तितं सकाळी गारठा असंल न्हवं?” मी हो म्हणायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची. उत्तर तिला माहीत होतं. विचारायला आवडत होतं.

मला मात्र संकोच वाटायचा. ऑफिसातून येताना किराणावाला हाक मारायचा, “काय फौजी, राहिले किती दिवस?” मी मान हलवून पुढं जायचो. इतकं बोलून दाखवलेलं काम बिनसतं, असं माझ्या हाडात बसलेलं. बायकोचा आनंद वाढत चालला तशी माझी धास्ती वाढत चालली, आणि एक दिवस मी जे केलं ते सांगितल्याशिवाय हे लिखाण पूर्ण होणार नाही. डिसेंबरात ऑफिसच्या व्हरांड्यातून मी लेकीला गुपचूप फोन केला.

“समजा,” मी म्हटलं, “नुसतं समजा हं, ती तारीख थोडी पुढं ढकलायची झाली तर हॉटेलवाला ऐकेल का?”

ती म्हणाली, “पप्पा, मम्मीला सांगू का तुम्ही विचारलंत म्हणून?”

“नको.”

“मग तुम्ही विचारलंच नाहीत.” आणि तिनं फोन ठेवला. मी घरी जाताना रताळी घेऊन गेलो, बायकोला आवडतात म्हणून. तिनं रताळ्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, “काय केलंया?” मी म्हटलं, काही नाही. रताळी गोड होती, मला गिळेनात.

संक्रांत झाली. शनिवारी दुपारी मी ऑफिसातून निघतच होतो, तेवढ्यात गावाहून दादांचा फोन आला.

“तोड आलीया रं,” दादा म्हणाले. “सोमवारी टोळी उतरतीया. मंगळवारी-बुधवारी आपल्याच रानात. लय दिस झुलवलं गड्या कारखान्यानं, पर...”

पुढचं मी ऐकलं नाही. मी म्हणालो, “येतो दादा. काळजी करू नका, मी येतो,” आणि फोन बंद केला.

असं का केलं याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. दादांनी मला ये म्हटलं नव्हतं. पण ‘तोड आली’ हे कानावर पडलं की तोंडातून ‘येतो’ निघायचं. ही सवय इतकी जुनी की त्यात मी कुठं नव्हतोच. मग मात्र कॉलेजच्या गेटबाहेर गाडीत बसून राहिलो. बुकिंग तर बदलत नव्हतं, मग मी गेलो नाही तर त्या बुकिंगचं काय करायचं? बायकोला लेकीबरोबर पाठवावं? गल्लीत काय सांगायचं? आणि तिला काय सांगायचं? हिला मी फाट्यावर उभं केलं, उंबऱ्याला बांधलं, आता सगळ्या विश्रामबागेसमोर उभं करणार होतो.

घरी गेलो तर बायको दशम्या करत होती, वाटेत खायला. दोन दिवस टिकतात म्हणून आधीच. बॅग भरून दाराशी ठेवलेली होती, शनिवारीच, मंगळवारसाठी. मी पाणी प्यालो. पुन्हा प्यालो.

“तोड आलीये,” मी म्हणालो. “मंगळवार-बुधवार.”

तिचा हात थांबला. तव्यावरची दशमी करपू लागली, तशी तिनं ती उलटली. तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही. जे आलं ते मी ओळखलं, कारण ते मी ऑफिसात टेबलाच्या या बाजूनं वर्षानुवर्षं पाहिलं होतं.

“तुमी काय म्हनला?” तिनं विचारलं.

“येतो म्हणालो.”

“भावजींनी या म्हनलं का?”

मी आठवून बघितलं. “नाही. तोड आली एवढंच म्हणाले.”

“मग आता इचारा,” ती म्हणाली. “हितंच, माज्यासमोर. आनि ते या म्हनलं तर जावा. म्या बी येती. बॅग भरल्यालीच हाय, कुटं बी जाती.” आणि ती तव्याकडं वळली.

मी फोन लावला आणि समोर ठेवला, तिला ऐकू जावा म्हणून.

“दादा,” मी म्हटलं. काय बोलायचं ते मी वाटेत जुळवलं होतं, ते सगळं विसरलो. “दादा, मी येत नाही. मंगळवारी आम्ही महाबळेश्वरला चाललोय. बुकिंग आहे. ते बदलत नाही. आणि बदलत असतं तरी...” मी बायकोकडं बघितलं. “बदलत असतं तरी मी बदललं नसतं.”

मला वाटलं दादा दुखावले. मग ते म्हणाले, “आरं, मग मगाशी येतो येतो म्हनून फोन कशापायी आपटलास? मी सांगत हुतो, तोड आलीया, आता मोकळ्या मनानं जावा. तर तू ऐकूनच घेतलं न्हाईस.”

“तुम्हाला माहीत होतं मंगळवारचं?”

“तुज्या मंडळीनं दिवाळीत अख्ख्या गावाला सांगिटलंय. टोळीच्या मुकादमाला सुदा ठावं हाय. काल इच्यारत हुता, फौजी न्हाई व्हय ह्या बारीला?” मागून वहिनींचा आवाज आला, काहीतरी हसण्याचा. दादा म्हणाले, “आनि गड्या, आता बोलतोच. तू यून करतोस काय? मागल्या साली बांधावर खुर्ची टाकून बसला हुतास. टोळीला च्या पाजलास, त्यो बी लय गोड. ऊस त्यांनी तोडला. तुज्याशिवाय तुटतोय त्यो, इतकी वरसं तुटत आलाय.”

बायको पदर तोंडाला लावून हसत होती. मीही हसलो, पण जरा उशिरा. माझ्या इतक्या सुट्ट्या डोळ्यांपुढून गेल्या, बांधावरच्या. मी नसलो तर उसाचं कसं होणार, ही काळजी उसाला कधीच नव्हती, दादांनाही नव्हती.

“सावकाश जावा,” दादा म्हणाले. “रस्त्याला ट्रॉल्या लय असत्यात, मागं राहा, घाई करू नगा. आनि यिताना स्ट्रॉबेरी आना. ती बाटलीतली दरी नगं.”

फोन संपल्यावर बायकोनं करपलेली दशमी माझ्या ताटात वाढली. “ही तुमची,” ती म्हणाली. मी ती खाल्ली. रताळ्यांपेक्षा किती तरी सोपी गेली. मग डिसेंबरातल्या त्या फोनचंही तिला सांगून टाकलं. ती म्हणाली, “म्हाईत हाय. पोरीनं त्याच दिशी सांगिटलं. तुमी कवा सांगताय बगत हुते.”

मंगळवारी आम्ही निघालो तेव्हा गल्लीतल्या बायका दारात उभ्या होत्या. शेजारीण नातीला कडेवर घेऊन आली होती. बाळाच्या डोक्यावर हिरव्या काठाची कुंची होती, ती आता जरा घट्ट व्हायला लागलेली. किराणावाल्यानं शटर उघडता उघडता हात केला, आणि या वेळी मी काच खाली करून म्हणालो, “आज.” वाटेत खरंच उसाच्या ट्रॉल्या लागल्या, एकीमागं एक, डुलत. मी त्यांच्या मागं गाडी ठेवली. बायकोला घाई नव्हती. तिनं डबा उघडला.

घाटात ऊन होतं. त्या जुलैतला कठडा लागला तशी तिनं गाडी थांबवायला सांगितली. खाली उतरून बराच वेळ दरीत बघत राहिली.

“हाय की,” ती म्हणाली.

तरीही आम्ही हॉटेलवर लवकर पोचलो, कारण मीच पहाटे उठवलं होतं. काउंटरवरचा तरुण म्हणाला, “काका, खोली बाराला मिळेल. आधीचे पाहुणे अजून गेले नाहीत.” मी लगेच हात जोडून म्हणू लागलो, बघा ना, काही जमतं का, चार महिन्यांपूर्वीचं बुकिंग आहे, लांबून आलोय, यांना बसायला...

बायकोनं माझी बाही ओढली. बाहेर आवारात दोन वेताच्या खुर्च्या होत्या, उन्हात, आणि समोर ती दरी. तिनं बॅग मांडीवर घेतली, नवे बूट नीट जुळवून ठेवले आणि एका खुर्चीत बसली.

“त्याला कशाला छळताय,” ती म्हणाली. “बाराला म्हनलाय न्हवं त्यो? मग थांबू की बारापातूर. बसा.”

मी दुसऱ्या खुर्चीत बसलो.